रस्त्यालगतची पट्टी

अमरावतीत माझ्या आधीच्या पिढीतले एक भूलतज्ज्ञ होते. गावातल्या निम्म्या दवाखान्यांत त्यांनीच वर्षानुवर्षं भूल दिली. साठीच्या आसपास त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. कुणी त्यांना तोंडावर काही बोललं नाही. सर्जन मंडळींनी फक्त फोन करणं बंद केलं. भूलतज्ज्ञाला स्वतःचा दवाखाना नसतो, दारावर पाटी नसते, पेशंटला त्याचं नावही ठाऊक नसतं. सर्जनचा फोन आला तर तो डॉक्टर, नाही तर घरी बसलेला माणूस. एका लग्नात त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "फोनच बिघडला असेल म्हणून हे दुकानात दाखवून आले." त्या हसत सांगत होत्या. शेजारी दोन सर्जन ताटं घेऊन उभे होते, तेही हसले.

त्या लग्नातून परत आले तेव्हापासून माझ्या डोक्यात जमीन शिरली.

मी तेव्हा पंचेचाळिशीच्या आत होते. सकाळी कुणाचं सिझर, दुपारी कुणाचं मोडलेलं हाड, आठवड्यातून दोन दिवस अकोला. गाडीच्या डिकीत माझी औषधांची पेटी कायम ठेवलेली. उभं राहून राहून कंबर गेली होती, पट्टा बांधून उभी राहायचे. माझा नवरा ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. तो रोज जेवताना एकच विचारायचा, "तू आजारी पडलीस तर आपलं काय?" आधी मला त्यात काळजी ऐकू यायची. नंतर त्यातला 'आपलं' ऐकू यायला लागला. तरी प्रश्न खोटा नव्हता. मी उभी असेपर्यंतच घरात पैसा येत होता.

माझ्या बऱ्याचशा केसेस एका सर्जनकडच्या होत्या. गावात नाव असलेला माणूस, वयानं मोठा, सगळे त्याला सर म्हणत. पोट उघडं असायचं, हात आत असायचे आणि सर जमिनीबद्दल बोलायचे. कुठे लेआउट पडतोय, कोणता रस्ता रुंद होतोय, बडनेऱ्याकडे काय भाव चाललाय. एकदा टाके घालता घालता म्हणाले, "मॅडम, तुम्हाला उभं राहण्याचे पैसे मिळतात. बसलात की बंद. रविवारी आमच्याबरोबर चला, एक जागा बघायची आहे."

मला बरं वाटलं, हे मान्य करायला हवं. सरांच्या हॉस्पिटलच्या वाढदिवसाला दोन जेवणं असायची. एक डॉक्टरांचं, हॉटेलात. एक स्टाफचं, गच्चीवर. मला बोलावणं दर वर्षी गच्चीवरचं यायचं. मी जायचे, नर्स मुलींबरोबर जेवायचे आणि घरी येऊन नवऱ्याला सांगायचे की जेवण छान होतं. आता सर स्वतःच्या गाडीत बसवून नेणार होते. नवराही इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला.

गाडीत आम्ही चौघं होतो. सर, जमिनीचा दलाल, नवरा आणि मी. चांदूर रेल्वेच्या रस्त्यानं शहर संपलं, थोडी मोकळी जमीन गेली आणि एका ठिकाणी दलालानं गाडी थांबवायला लावली. रस्त्याला लागून एक पडीक पट्टी होती, लांबट, अरुंद. तिच्यामधून बैलगाडी जाईल एवढी वाट आत गेली होती. वाटेच्या टोकाला फुलांचं वावर.

झेंडू भरात होता. एका बाजूला शेवंती, कडेला निशिगंधाच्या ओळी. एक बाई डोक्याला ओढणी बांधून फुलं तोडत होती. तिचा नवरा मोटर चालू करून दूर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसला होता. दलालानं तिला सांगितलं की शहरातले मोठे डॉक्टर आलेत, जागा पाहून राहिले. बाईनं लगेच हात धुतले, आत जाऊन चहा टाकला. दलाल आणि सर विचारत होते, उत्तरं तीच देत होती. वावर तिच्या सासऱ्यानं विकत घेतलेलं. पुढची पडीक पट्टी नवऱ्याच्या चुलतभावाची, तो शहरात राहतो. वाट त्याच्याच पट्टीतून जाते, पण ती सासऱ्यापासूनची आहे, कोणी कधी अडवली नाही. रोज सकाळी टेम्पो आत येतो आणि फुलं बाजारात जातात.

"विकायचं हाय काय वावर?" दलालानं विचारलं.

"नाई," बाई म्हणाली. "यातच दोघायचं भागते. विकून काय करू?"

मग तिनं सरांकडे पाहिलं. "सायेब, दवाखाना काढता काय इकडं?"

"बघू," सर म्हणाले. "विचार आहे."

"काढा. इकडं रातीबेराती बाई अडली तर लय धावपळ होते. पुढच्या पट्टीत काढा, आमी फुलायचं तोरण बांधून देऊ."

सर छान हसले. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलताना हसतात तसे. निघताना तिनं निशिगंधाच्या दांड्या कापल्या, केळीच्या सोपटानं बांधल्या आणि माझ्या हातात दिल्या.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा दलाल मागे वळून म्हणाला, "झालं मंग. पुढची पट्टी घ्या, मांगचं आपोआप येते."

मी विचारलं, आपोआप कसं.

"वाटेवर तार मारायची, मॅडम. मंग टेम्पो कुठून नेते तो? झेंडू काई कापूस नाई, घरात भरून ठेवाले. तहसीलात जाईन, रस्ता मांगन, तारखा पडतीन. तवरोक वावरातच सडते सारं. दोन हंगाम गेले का स्वतः येते इचाराले, का घेता काय म्हणून."

सर म्हणाले, "मग भावही तो सांगत नाही. आपण सांगायचा."

माझा नवरा हसला. मी त्याच्याकडे पाहिलं तेव्हा तो खिडकीबाहेर पाहायला लागला, पण हसला होता.

"पट्टी तुमच्या नावावर घेऊ, मॅडम," सर म्हणाले. "पैसे सगळे मिळून घालू. तुमचा हिस्सा थोडा कमी असला तरी चालेल."

माझ्या नावावर का, हे मी विचारलं. त्यावर दलालालाच नवल वाटलं. "सायेबाले वावर घेताच येत नाई ना. सातबाऱ्यावर नाव कुठं हाय त्यायचं? तुमी हिवरखेडच्या, तुमी शेतकरी."

"कायदाच तसा आहे," सर म्हणाले. "शेतकऱ्यालाच शेती घेता येते. आमचे आजोबा पूजा सांगायचे, वडील वकील. आमच्या घरात मातीला हात लावलेला माणूस शोधून सापडायचा नाही."

म्हणजे रविवारचं बोलावणं सातबाऱ्याला होतं. निशिगंधाचा वास बंद गाडीत फार येत होता. सर म्हणाले, डोकं चढतंय, आणि दलालानं माझ्या हातातून त्या दांड्या घेऊन खिडकीतून टाकून दिल्या.

पुढच्या आठवड्यात मी काय विचार केला ते जसंच्या तसं सांगते. मला त्या बाईची दया आली होती, पण दयेवर मी निर्णय घेतला असता असं वाटत नाही. मी रोज हिशेब मांडत होते. पट्टी माझ्या नावावर असेल, म्हणजे माझ्या हातात काहीतरी असेल. सरांच्या बरोबरीनं बसता येईल. हात थरथरायला लागले तरी घर चालेल. दुसऱ्या बाजूला एक वाट आणि एक टेम्पो होता. हिशेबात टेम्पो हलका पडत होता.

सातबाऱ्याची नक्कल हवी होती म्हणून बाबांना हिवरखेडला फोन केला. बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक तुकडा माझ्या नावानं करून ठेवला होता, त्यावरून भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

"कायले पायजे?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. पट्टीचं, तारेचं, सगळं. का सांगितलं कोण जाणे. कदाचित त्यांनी नको म्हणावं असं वाटत असेल.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुह्या नावानं वावर केलं तं तुह्या भावानं माह्याशी बोलनं सोडलं. तू एक डाव तरी पाह्यले आली काय ते? आन आता तेच नाव दुसऱ्याची वाट बुजवाले पायजे तुले. नक्कल पाठवतो. मले पुन्हा इचारू नको."

नक्कल आली. ती मी टेबलावर ठेवली. नवऱ्यानं ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातली.

त्यानंतर एका दुपारी अकोल्याची केस रद्द झाली आणि मी गाडी चांदूर रेल्वेच्या रस्त्याला वळवली. बाई एकटीच होती, हार गुंफत बसली होती. मी उभ्या उभ्याच बोलले. म्हटलं, तुमच्या चुलतदिराची पट्टी विकली जाणार आहे, घेणारे वाट बंद करतील, तुम्ही आजच तहसीलात अर्ज टाका, वकील गाठा.

तिनं सुई खाली ठेवली नाही. "कोण घेऊन राह्यलं?"

"त्या रविवारी आलो होतो ना आम्ही. तेच."

"सायेब तं दवाखाना काढून राह्यले."

"दवाखाना नाही काढणार, ताई."

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मंग तुमी त्यायच्यासंगच आल्या होत्या ना? आज कावून सांगून राहिल्या?"

मला वाटलं होतं ती घाबरेल, हात धरेल. तिच्या नजरेत मला संशय दिसला. मीच पट्टी दुसऱ्या कुणासाठी अडवायला आले असेन, भाव पाडायला आले असेन, असं काहीसं. चहाचं विचारलं नाही. मी परत आले.

संध्याकाळी, हे मला नंतर कळलं, तिच्या नवऱ्यानं दलालाला फोन करून विचारलं, की डॉक्टरीनबाई असं असं सांगून गेल्या, खरं काय? त्यांच्या दृष्टीनं तेच बरोबर होतं. दलाल ओळखीचा, मी अनोळखी. दलालानं त्याला सांगितलं की बाईंना हिस्सा मिळाला नाही म्हणून त्या पाणी गढूळ करतायत. आणि मग त्यानं सरांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सरांकडे केस होती. हात धुवायच्या बेसिनवर आम्ही दोघंच होतो. मी त्यांना सांगायचं ठरवूनच गेले होते की मला जमणार नाही, पण त्यांनीच सुरुवात केली. कोपरापर्यंत साबण लावत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मॅडम, तुमचं काम भूल द्यायचं आहे की पेशंटला टेबलावरच जागं करायचं?"

"सर, त्या वाटेशिवाय त्यांचं—"

"मला वाटेचं शिकवू नका. माझ्या ऑपरेशन थिएटरमध्ये तुम्हाला कोणी आणलं?"

केस पार पडली. ती त्यांच्याकडची माझी शेवटची केस. दुसरा शेतकरी त्यांना लगेच मिळाला, अंजनगाव सुर्जीचा एक तरुण दाताचा डॉक्टर, घरची पानमळ्याची शेती असलेला. वर्षभर सावकाश करायचं ठरलेलं काम माझ्यामुळे घाईनं झालं. त्या नवरा-बायकोनं अर्ज टाकायच्या आधी पट्टीची खरेदी झाली, सिमेंटचे खांब रोवले, तार बसली. दसऱ्याच्या तोंडावर, झेंडू तोडणीला आलेला असताना.

हे मला नवऱ्यानं सांगितलं. तो मुद्दाम त्या रस्त्यानं जाऊन पाहून आला होता. "बाई डोक्यावर टोपली घेऊन धुऱ्याधुऱ्यानं फिरून जाते," म्हणाला. "निम्मी फुलं तशीच काळी पडलीत." मग चपला काढता काढता म्हणाला, "तू नाही घेतलीस म्हणून तार बसायची राहिली का? आपला हिस्सा तेवढा गेला."

सरांचा फोन बंद झाला तसे त्यांच्या मित्रांचेही झाले. कुणी कारण सांगितलं नाही. मी रोज अकोल्याला जायला लागले. पहाटेची गाडी पकडायची, मूर्तिजापूरपर्यंत डुलकी, मग दिवसभर दोन-तीन दवाखान्यांत उभं राहायचं आणि परत. ज्यासाठी जमिनीचा विचार केला होता ती कंबर आणखी बिघडली. नवऱ्याच्या कॉलेजातल्या एका शिक्षकानं पट्टी आणि वावर मिळून पुढे पडलेल्या लेआउटमध्ये प्लॉट घेतला. त्याचा भाव वाढला की नवरा जेवताना सांगायचा. मी काही बोलले तर म्हणायचा, "नाही नाही, तुझी तत्त्वं बरोबर आहेत. अकोल्याला जाऊन-येऊन पाळ."

बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं दुसऱ्या पावसाळ्यानंतर वावर विकलं होतं, हेही त्यानंच सांगितलं.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी अकोल्यातल्या एका दवाखान्यात गर्भाशय काढायची केस होती. ऑपरेशनआधी पेशंटला तपासायला गेले तर कॉटवर ती. बारीक झाली होती, रक्त कमी. तिनं मला लगेच ओळखलं. मी तोंड फिरवून फाइल वाचण्याचं सोंग केलं, पण ती म्हणाली, "तुमीच काय कमरेत सुई देनार?"

"हो."

"द्या मंग."

टेबलावर तिला बसवलं. नर्सनं पुढून खांदे धरले, तिनं मान खाली घातली. पाठीचे मणके एकेक मोजता येत होते. सुई नीट गेली. आडवं केल्यावर पाय जड झाले का विचारलं, चिमटा काढून पाहिला. मग तिच्या छातीवर हिरव्या कपड्याचा पडदा बांधला. पलीकडे सर्जन कामाला लागला, अलीकडे आम्ही दोघी उरलो. या वेळी पेशंट जागा असतो. त्याचं लक्ष गुंतवावं म्हणून आम्ही बोलत राहतो, काय करता, मुलं किती. मला काहीच विचारता येईना. तीच बोलायला लागली.

"भावाकडं राह्यतो आता. अकोल्यातच. भावजय हार आणून देते गुंफाले, फुलं इकतची."

"आणि तुमचे मालक?"

"तिथंच हाय. वावरात." मग तिनं सुधारलं. "प्लॉटाइले चौकीदार ठेवला त्याले. टिनाची खोली देल्ली."

मी सलाइनचा थेंब पाहत राहिले.

"एकानंबी घर नाई बांधलं अजून," ती म्हणाली. "दगडं रोवून ठेवले चौकोनी. गवत वाढलं कमरेइतकं. ढोरं शिरतात, ते हाकलते माहा माणूस. कोनी राह्यलंच नाई बाई तिथं. मंग आमाले कावून काढलं?"

"भाव वाढला की विकतात ते," मी म्हटलं.

"कोनाले?"

"दुसऱ्याला. तोही ठेवतो तसाच."

तिला ते समजलं नाही, किंवा समजलं आणि खरं वाटलं नाही. पडद्यापलीकडून सर्जननं बीपी विचारलं, मी सांगितलं.

"तुमी कावून नाई घेतली पट्टी?" तिनं विचारलं.

"वाट बंद करायची नव्हती मला."

"मंग घ्याची होती ना." तिचा आवाज शांत होता. "तुमी घेतली असती तं तुमच्या घरी आलो असतो आमी. पाया पडलो असतो. बाई मानसाले बाई मानूस नाई म्हनते काय? त्या दातवाल्याले कुठं शोधाव? त्याचं तं तोंडबी नाई पाह्यलं."

मी म्हणू शकले असते की माझ्या एकटीच्या हातात काही नव्हतं, पैसे सगळ्यांचे होते, नाव फक्त माझं होतं. पण नाव माझं असतं, हे खरंच होतं. तार मारायला माझी सही लागली असती. असा विचार मी तेव्हा एकदाही केला नव्हता. मी नाही म्हटलं ते माझे हात स्वच्छ राहावेत म्हणून, आणि सांगायला गेले तेही बहुतेक त्यासाठीच.

"तुमी मंग कुठं घेतली जागा?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही."

"बरं," ती म्हणाली आणि डोळे मिटले. बीपी थोडं उतरलं होतं, मी औषध दिलं.

टाके सुरू झाले तसे तिनं डोळे उघडले. "माह्या मानसाले सांगा, झालं म्हनून. त्याले आजच परत जा लागते. उशीर झाला का सायेब बोलतात."

मी बाहेर आले. बाकावर तिचा नवरा बसला होता. अंगात चौकीदाराचा निळा शर्ट, खिशावर लेआउटचं नाव शिवलेलं. मला पाहून उठला, हात जोडले. मी सांगितलं, ऑपरेशन नीट झालं, शुद्धीत आहे, संध्याकाळपर्यंत पाय हलवता येतील.

त्याला मी आठवत नव्हते. त्या रविवारी तो दूर धुऱ्यावर बसला होता आणि नंतर मी गेले तेव्हा तो घरी नव्हता. मी अमरावतीची आहे हे त्यानं नर्सकडून ऐकलं होतं. त्यानं मोठ्या आशेनं सरांचं नाव घेतलं आणि विचारलं, तुमच्या ओळखीचे काय?

"होते," मी म्हटलं.

"लय चांगला मानूस हाय, मॅडम," तो म्हणाला. "वावर गेल्यावर कोनी उभं करत नव्हतं. त्यायनंच कामाले ठेवलं मले."

मग त्यानं विचारलं की अमरावतीची बस स्टँडवरून किती वाजता आहे. मी सांगितलं. बायकोला न भेटताच तो निघाला. पुढची केस आत घेतली होती, नर्स मला हाक मारत होती.